फणसाचा कणा, पुण्याचं थर्माकोल

पुण्याला जाऊन आलेली माणसं आमच्या गावात घराघरांत आहेत. कुणी शिकायला गेलं, कुणी डॉक्टरकडे, कुणी मुलाच्या फ्लॅटची वास्तुशांत म्हणून. समुद्रावर चालवायची वस्तू बांधून आणायला पुण्याला गेलेला मात्र मी एकटाच, आणि यावरून गावाने माझी यथेच्छ टिंगल केलेली आहे. तेव्हा जे काय झालं ते मीच लिहून टाकतो.

मी मालवणजवळचा होडी बांधणारा सुतार. म्हणजे होतो. फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडाच्या होड्या सांगणारे एकेक करून बंद झाले. शेवटची होडी मी पांडूसाठी बांधली. पांडू माझा शाळेपासूनचा मित्र. पुढे त्यानेही फायबरची घेतली आणि माझी होडी मोडीत काढली. तिच्या काठाचं फणसाचं एक लांब लाकूड मी मागून आणलं आणि माळ्यावर टाकलं. पांडूशी भांडण झालं नाही, पण बोलणंही 'काय, बरा मा?' एवढ्यावर आलं. तेव्हापासून काच, रसायन, साचा, जे काय असेल त्या सगळ्याला माझ्याकडे एकच शब्द होता: फायबर. तो मी शिवीसारखा वापरत असे.

माझी मुलगी मधुरा लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभी राहते. या खेळाला सर्फिंग म्हणतात आणि फळीला बोर्ड. आमच्या किनाऱ्यावर लाटा सौम्य, म्हणून तिला लांब बोर्ड लागतो. नऊ फुटी, बोथट नाकाचा, संथ चालणारा. आजवर ती गावात उतरलेल्या एका पाहुण्याने ठेवलेल्या बोर्डावर शिकली आणि तो पाहुणा आपला बोर्ड घेऊन गेला. दिवाळीनंतर गावात सर्फिंगचं शिबिर सुरू व्हायचं होतं. तिथे शिकवायचं काम तिला मिळत होतं, पण बोर्ड स्वतःचा हवा. नाहीतर गोव्यातल्या हॉटेलात नोकरी तयार होतीच. आई नसलेलं आमचं दोघांचं घर. ती गोव्याला गेली असती तर मी कुणाशी बोललो असतो, हा विचार मी करायचा टाळत होतो.

"होडी बांधणाऱ्याच्या मुलीने फळी बाहेरून आणायची?" असं म्हणून मी सबंध लाकडाचा एक बोर्ड करून दिला. तो पाण्यापर्यंत न्यायला चार माणसं लागली. मधुराने त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"बाबा, ही फळी नाय, जेटी आसा."

मग तिने एका कागदावर नकाशा काढून दिला. आत थर्माकोल, मधोमध उभी लाकडाची पट्टी, वर काचेचं कापड आणि त्यावर ओतायचं, सुकून कडक होणारं रेझिन. 'रेझिन' या शब्दाच्या आधी तिने 'इपॉक्सी' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी कागदाची घडी करून खिशात टाकली. पट्टीसाठी माळ्यावरचं फणसाचं लाकूड उतरवून नऊ फुटी, बोटाच्या अर्ध्या जाडीची पट्टी कापली आणि आठ दिवसांच्या बोलीवर पुण्याला निघालो.

धनकवडी

एसटीत ती पट्टी सीटांखालून लांबीने सरकवली होती. उतारावर ती पुढे गेली आणि चढावर मागे आली, एवढंच प्रवासाबद्दल सांगण्यासारखं. कंडक्टरने तिला दोनदा अडखळून "हे धनुष्य कुणाचं?" असं विचारलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

धनकवडीला माझी धाकटी बहीण शालन राहते. तिचे यजमान मूळचे पुण्याचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. भावोजी कमी बोलतात आणि जे बोलतात ते चावून.

"समुद्र सोडून इथे आलात बोर्ड करायला," ते म्हणाले. "बरोबर आहे. इथे निदान बुडायची भीती नाही."

शालनने माझ्यासाठी मुद्दाम सुरमई आणली होती. चव ठीक होती. "इथल्या माशाने आमच्यापेक्षा जास्त प्रवास केलेला असतो," भावोजी म्हणाले आणि त्यांनी स्वतःला फक्त वरणभात वाढून घेतला. आमच्याकडे जेवताना पाहुण्याला तीनदा आग्रह करतात. इथे एकदाच विचारतात आणि उत्तर खरं मानतात. पहिल्या दिवशी मी अर्धपोटी उठलो, दुसऱ्या दिवसापासून शहाणा झालो.

थर्माकोल कुठे मिळेल, हे मात्र भावोजींनीच सांगितलं. त्यांच्या मंडळाच्या गणपतीची मखरं येरवड्याच्या सुजाताबाई करत असत. "बाकीचे थर्माकोल कापतात," ते म्हणाले. "त्या त्यातून काढतात."

येरवडा

सुजाताताईंची पत्र्याची शेड एका गल्लीच्या टोकाला आहे. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, शेजारी एका स्तूपाचा मोठा फोटो. मी सांची की काय म्हणून जवळ जाऊन पाहिलं तर तो थर्माकोलचा निघाला, माणसापेक्षा उंच.

"चौदा एप्रिलला केला होता आमच्या वस्तीसाठी," त्या म्हणाल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर. "सगळ्यात अवघड काय असतं सांगा दादा?"

"नक्षी?"

"नक्षी कुणीही करतं. घुमट. सरळ रेघेला चूक झाली तर लपवता येते. घुमटाची गोलाई चुकली तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं."

सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि मखरांचं काम थांबलं. आता त्या शीतगृहांच्या भिंतींत घालायचे ठोकळे कापून देतात, चौकोनी.

"बंदी बरोबरच आहे हो," त्या म्हणाल्या. "नदीत जायचं ते सगळं. पण हाताला सांगणार कोण?"

हे वाक्य कितीतरी वर्षं माझ्या तोंडाशी येऊन राहिलेलं होतं. ते येरवड्यात, एका अनोळखी बाईकडून ऐकून मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

मी नकाशा उघडून दाखवला. बोर्ड नाकाकडे थोडा वर उचललेला असतो, नाहीतर तो लाटेत घुसतो. ती उचल दाखवायला मी हात हवेत फिरवला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्तूपाकडे.

"म्हणजे घुमटच. फक्त आडवा ताणलेला." मग त्यांनी मधुराच्या कागदावरची रुंदी बोटाने मोजली. "मखरांचा माल नको याला, तो भुसभुशीत. शीतगृहाचा घ्या, बारीक दाण्याचा, घट्ट. आणि हे समुद्रात जाणार ना? तुटलं तर तुकडे उचलून आणायचे. मखरं करताना हे मी कुणाला सांगितलं नव्हतं."

थर्माकोल तापलेल्या तारेने कापतात. लाकडी धनुष्याला तार ताणून बांधलेली, तिच्यातून वीज सोडली की ती तापते आणि थर्माकोलमधून लोण्यातून गेल्यासारखी जाते. पण आमची रुंदी मोठी, आणि जुनी तार पहिल्याच कापाला तुटली.

बुधवार पेठ

नवी तार आणायला मी गेलो. बुधवार पेठेत विजेच्या सामानाची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. दगडूशेठच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडले आणि चौथ्या दुकानात मला हवी ती तार दिसली.

"नायक्रोमची तार द्या."

"जाडी?" दुकानदाराने मान वर केली नाही.

"जाडी माहीत नाही. लांब पाहिजे."

"लांब खडकवासल्यापर्यंत मिळेल. जाडी सांगा."

मी खिशातून तुटलेला तुकडा काढून दिला. त्याने तो मोजला आणि तशीच तार कापून कागदात गुंडाळली. "काय कापणार?"

"लाटेवर चालवायचा बोर्ड."

आता त्याने मान वर केली. "पुण्यात?"

"नाही हो, मालवणात."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, जणू परवानगी त्यानेच द्यायची होती. मला राग यायला हवा होता. पण त्याने न मागता पीळ देऊन टोकं बांधायची पद्धत दाखवली, आणि तीच पुढे उपयोगी पडली. आमच्याकडे दुकानदार आधी तुमच्या कुळाची चौकशी करतो आणि मग चुकीची वस्तू देतो. दोन्हींतलं बरं काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कापायला बसलो. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना नकाशाच्या आकाराचे प्लायवूडचे फर्मे लावले. फर्म्याच्या कडेवर एक ते चाळीस खुणा. तारेचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. त्या आकडा म्हणायच्या, मी तोच म्हणायचा आणि दोघांनी तार त्या खुणेवर आणायची.

"सात."

"सात."

"दादा, तुम्ही आठवर गेलात. घाई केली की तार मधल्या मधे मागे राहते आणि पोट सुटतं."

होडीच्या कामात मी कुणाकडून ऐकून घेतलं नव्हतं. इथे मुकाट्याने सातवर परत आलो. चाळीस म्हटल्यावर वरचा तुकडा उचलला, तर खाली पांढरी, गुळगुळीत, नाकाकडे हलकेच उचललेली पाठ. सुजाताताईंनी तिच्यावरून तळहात फिरवला आणि बराच वेळ काढला नाही. मग ठोकळा मधोमध उभा चिरला, त्यात फणसाची पिवळी पट्टी चिकटवली, कडा काचपेपरने घासून गोल केल्या. कणा बसला. सगळा मिळून मी एका हाताने उचलला आणि मला मधुराची जेटी आठवून हसू आलं.

लोणी काळभोर

काचेच्या कापडाचं काम करणारा माणूस भावोजींच्या ओळखीने लोणी काळभोरला सापडला. दत्ता मिस्त्री. शेताच्या कडेला त्याचा कारखाना, आणि अंगणात फायबरच्या पाण्याच्या टाक्या, शेतावरच्या हॉटेलांसाठी केलेल्या गाई आणि माणसाएवढा उभा ससा.

"या पावनं. बेस केलंय की हो," बोर्डाकडे बघून तो म्हणाला. "रेझिनची काळजी नगं. पिंपभर हाय माझ्याकडं."

इथे माझ्या खिशात कागद होता. त्यावर दोन रेघा होत्या. पण फायबर म्हणजे फायबर, त्यात आणखी काय निवडायचं, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की कागद काढावा असं मला वाटलंच नाही. शत्रूची नावंगावं विचारत बसायचं नाही, ही माझी जुनी ऐट.

दत्ताने कापड पसरलं, रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर मिसळलं आणि शेपटाकडून ओतायला सुरुवात केली. वास उग्र. क्षणभर सगळं छान चकाकलं. मग ओहोटीची लाट पायाखालची वाळू ओढून नेते, तसं कापड खाली बसायला लागलं. दत्ताने हात थांबवला. थर्माकोल आतून वितळत होतं. पांढरी पाठ पिवळट चिकात बुडाली, त्यात खळगा पडला, आणि तो सरकत सरकत पुढे आला. आम्ही दोघांनी कापड ओढून काढलं, चिंध्यांनी पुसलं. पण तोवर शेपटाकडचा निम्मा बोर्ड गेला होता. उरला तो मधोमध उभा राहिलेला फणसाचा कणा.

मी मधुराला फोन लावला.

"इपॉक्सी होता मा?" तिने पहिलं हेच विचारलं.

मी कागद काढला. दोन रेघा अगदी ठसठशीत होत्या. "नाय," मी म्हणालो.

"रेझिन दोन तऱ्हेचा असता, बाबा. साध्या रेझिनान थर्माकोल विरघळता. म्हणानच तर रेघा मारलंय." मग म्हणाली, "जाऊ दे. गोव्याचा हॉटेल काय वाईट नाय."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला समजून घेतलं याची मला जास्त लाज वाटली. तिची नोकरी, तिचा समुद्र, सगळं मी माझ्या एका शब्दाच्या हट्टापायी घालवलं होतं.

दत्ता हात पुसत शेजारी बसला. "माझं बी चुकलंच की. आम्ही साच्यावर मारतो. थर्माकोलवर कधी मारलंच न्हाय, तर कळणार कसं?" मग त्याने घरातून भाकरी, पिठलं आणि ठेचा मागवला. आमच्याकडे दुःखात पेज देतात, इथे ठेचा. डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळतं, एवढा त्याचा फायदा. जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी उरलंसुरलं थर्माकोल सोडवलं आणि कण्यावरचा चीक खरवडून काढला. लाकडाला काहीही झालं नव्हतं.

"उद्या भोसरीस्नं इपॉक्सी आणतो," दत्ता म्हणाला. "तुमी थर्माकोलचं बघा. अजून तीन दिस हायत ना?"

पुन्हा येरवडा

सुजाताताईंच्या शेडसमोर मी हातात नऊ फुटी पट्टी घेऊन उभा राहिलो. काय झालं ते एका दमात सांगितलं, आणि चूक माझी हेही सांगितलं.

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "मखरं उंदरांनी खाल्ली, पावसाने भिजवली, मंडळाच्या पोरांनी मिरवणुकीत मोडली. वितळवून अजून कुणी आणलं नव्हतं. चहा घ्या."

घट्ट दाण्याचा लांब ठोकळा आता शिल्लक नव्हता. सहा फुटी दोन तुकडे होते. सरळ जोडले तर लाटेत सांध्यावर मोडणार. त्या हनुवटीला हात लावून बसल्या.

आणि इथे, पुण्यात आल्यापासून पहिल्यांदाच, माझ्या हाताला काही माहीत होतं. होडीची फळी अपुरी पडली की आम्ही दोन्ही टोकं लांब तिरकी तासतो आणि एकमेकांवर निजवतो. जोर एका जागी येत नाही. मी पेन्सिलने तिरकी रेघ मारून दाखवली.

"एवढी लांब तिरकी?" त्या म्हणाल्या.

"जितकी लांब तितकी बळकट."

"अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत? मी स्तूपाचे तुकडे इतकी वर्षं सरळ जोडत आले."

पुन्हा फर्मे लागले. पुन्हा एक ते चाळीस. या वेळी मी एकदाही पुढे गेलो नाही. कडा घासताना त्यांनी विचारलं, "मुलगी पोहते चांगली?"

"पाण्यातच वाढली. तुम्ही समुद्र पाहिलाय?"

"दरवर्षी. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेतून दिसतो. पण तेव्हा मन दुसरीकडे असतं. लाटेकडे लाट म्हणून कधी पाहिलं नाही."

पुन्हा लोणी

दत्ताने इपॉक्सीचे दोन डबे पुढे ठेवले आणि मी नावं वाचली. मोठ्याने वाचली. मग अंगठ्याएवढ्या थर्माकोलच्या तुकड्यावर एक थेंब टाकून आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. चहा झाला. तुकडा होता तसाच होता.

"हालला न्हाय गडी," दत्ता म्हणाला.

मग पांढरं कापड अंथरलं. इपॉक्सी ओतून रबराच्या पट्टीने नाकाकडून शेपटाकडे पसरत नेली. जिथे ती पोचेल तिथे कापड दिसेनासं व्हायचं. मी समजत होतो की फायबर म्हणजे लाकूड झाकणारी वस्तू. आणि इथे, रबर पुढे सरकेल तसा, काचेखालून फणसाचा कणा पिवळाधमक वर येत होता. पांडूच्या होडीतल्या खिळ्यांच्या गंजाचे दोन काळे डागसुद्धा दिसत होते. ज्याला मी इतकी वर्षं लाकडाचा वैरी म्हणत आलो, त्याच्या आरपार माझं लाकूड दिसत होतं. मला रडू आलं. दत्ताने ते वासामुळे असं मानलं आणि दार उघडलं, जरी इपॉक्सीला तसा वास नसतो.

शेपटाखाली बसवायचं एकच मोठं पातं मी सागाचं तासलं. सुकाणूसारखंच, फक्त ते वळत नाही. वळायचं काम उभ्या असलेल्या माणसाने पायांनी करायचं.

परतायच्या दिवशी कोकणात जाणारा रिकामा टेम्पो मिळाला. शालनने बोर्डाला तिची जुनी गोधडी गुंडाळली. भावोजींनी गोधडी उचलून एकदा आत पाहिलं.

"चांगला झालाय," ते म्हणाले. "फक्त पुण्यात तयार झालाय. समुद्राला नावं ठेवेल, तेवढं सांभाळा."

घरी

शिबिराच्या पहिल्या सकाळी मधुराने बोर्ड काखेत मारला आणि ती एकटी पाण्याकडे चालत गेली. मी वाळूत उभा. होडी पहिल्यांदा पाण्यात उतरली की मी आत हात घालून ओल तपासत असे. याला आत हात घालायला जागाच नव्हती, म्हणून हात तसाच लोंबत राहिला.

दोन लाटा तिने सोडल्या. तिसरीवर ती उभी राहिली. बोर्डाने नाक वर धरलं, सांधा हलला नाही, आणि ती संथपणे, एकेक पाऊल टाकत बोर्डाच्या पुढच्या टोकापर्यंत चालत आली. शिबिराच्या प्रमुखाने टाळी वाजवली. मी फोन उंच धरून सुजाताताईंना दाखवत होतो. त्या फोनवर नुसतं "चाळीस" म्हणाल्या.

त्या दिवशी गोव्याच्या हॉटेलाला मधुराने कळवून टाकलं.

पाण्याबाहेर येऊन तिने बोर्ड वाळूत ठेवला, तेव्हा माणसं जमली. त्यांत पांडू होता. त्याने वाकून पाठीवर बोट फिरवलं.

"फायबरचो काय रे?"

हाच प्रश्न महिन्यापूर्वी विचारला असता, तर मी पाठ फिरवून गेलो असतो.

"नाय," मी म्हणालो. "आत थर्माकोल, वर काचेचा कापड, त्येच्यावर इपॉक्सी. आणि मदी फणस."

पांडूचं बोट पिवळ्या रेघेवरून सरकत गेलं आणि पहिल्या काळ्या डागावर थांबलं. तो डाग त्याने ओळखला. वल्हं मारताना कितीतरी वर्षं त्याचा हात जुन्या होडीच्या त्याच काठावर टेकत होता.

"वाचली म्हणायची ती," तो म्हणाला आणि बोट तिथेच ठेवून बराच वेळ वाकून राहिला.